बसणाऱ्याचं डावं-उजवं

दसऱ्याच्या दिवशी मी आमच्या घरमालकांच्या विमानाला खिळा ठोकला.

हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस 'विमान' या शब्दापाशीच अडकतो. कुठलं विमान, रत्नागिरीत कसं, खरं की खेळण्यातलं, असं सुरू होतं आणि खिळा बाजूलाच राहतो. माझ्या ते पथ्यावर पडतं. पण आता लिहायलाच बसलोय तर खिळ्यासकट सगळं लिहितो, आणि त्यासाठी आधी मालकांपासून सुरुवात करावी लागेल.

मी कऱ्हाडचा. अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीला एका शाळेत भूगोल शिकवायला आलो. खोली शोधत शोधत एका आमराईतल्या घराच्या फाटकाशी पोचलो. ओट्यावर एक साठीचे उंच, काटक गृहस्थ पोस्टाचं पाकीट आंब्याच्या तराजूत घालून तोलत बसले होते. मी विचारलं, "भाड्याने द्यायची खोली ही डावीकडचीच ना?"

"कुणाच्या डावीकडची?"

"माझ्या."

"तुमचा इथे काय संबंध? घर समुद्राकडे तोंड करून बसलंय. त्याची ही उजवी बाजू." पाकीट खाली ठेवून ते मला म्हणाले, "डावं-उजवं बसणाऱ्याचं असतं, बघणाऱ्याचं नाही. काय समजलात?"

मी होय म्हटलं. सहा वर्षं मी त्या घरात राहिलो आणि सहाही वर्षं होयच म्हणत आलो.

त्यांनी तीस वर्षं मुंबईत विमानदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली होती. तिथे डावं इंजिन म्हटलं की ते वैमानिकाच्या डाव्या हाताचं. तुम्ही समोर उभे असा, नाहीतर पोटाखाली उताणे पडलेले असा. नियम चांगलाच आहे. मालकांनी तो निवृत्तीबरोबर घरी आणला, एवढीच गोष्ट वाईट. न्हावी, वाणी, रिक्षावाला, कुणाचीच सुटका नव्हती. समई देवाच्या उजवीकडे ठेवायची म्हणजे देवाच्या उजवीकडे, कारण देव बसलेला आहे आणि आपण बघणारे. फोटो काढायला गेले की फोटोवाल्याला म्हणायचे, "मान डावीकडे कुणाच्या?" आणि तो बिचारा कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढायचा.

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणायचो. काकू मुळात कमी बोलत. मालक निवृत्त होऊन आल्यावर महिन्याभरातच त्यांनी डावं-उजवं म्हणणं सोडून दिलं होतं. घराच्या एका बाजूला विहीर, एका बाजूला फणस. त्या सरळ 'विहिरीकडची खोली', 'फणसाकडची खोली' म्हणत. त्या घरात फक्त त्यांचीच कधी चुकामूक झाली नाही.

मालकांचा दुसरा छंद वजनाचा. विमानात जाणारी वस्तू वजन करून जाते, हे ठीक. पण हे सगळंच तोलायचे. चपला, वर्तमानपत्र, न्हाव्याकडून आल्यावर स्वतःला. रविवारी पापलेट खाऊन झालं की काटा न मोडता उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बघा मास्तर, ताकद किती आणि वजन काहीच नाही. आम्ही माणसं असला एक काटा करू शकत नाही." मग तो काटा धुऊन तराजूत. माझ्या शाळेचं भूगोलाचं पुस्तक त्यांनी एकदा तोललं आणि मला परत देताना म्हणाले, "फार आहे हो."

आणि तिसरा छंद म्हणजे विमान.

घरामागे आंब्याच्या पेट्या भरायची लांब शेड होती. चैत्र-वैशाखात तिथे पेंढा पसरून आंबे पिकत घालायचे, पेट्या भरायच्या. उरलेले दहा महिने त्या शेडमध्ये विमान होत असे. एका माणसाचं, वर आडवा पंख, खाली लाकडाचा सांगाडा, वर कापड. नकाशे टपालाने परदेशातून मागवलेले, इंजिन बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबातून आणलेलं. आंब्याचा हंगाम आला की पंख काढून आढ्याला टांगायचे आणि धड बाहेर फणसाखाली ताडपत्रीत. हंगाम संपला की पुन्हा आत. मी आलो तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. बंदरावरची मंडळी बघायला यायची आणि 'होडी झकास झालेय, पण उलटी का टांगलीत?' असं विचारून जायची.

पंखावर चढवलेलं कापड ताठ बसावं म्हणून इस्त्री फिरवतात. काकूंची इस्त्री त्या कामाला गेली ती परत आलीच नाही, त्यामुळे मी चुरगळलेले शर्ट घालून ऋतू आणि हवामान शिकवत असे. मग त्या कापडावर रोगण. त्याचा वास नेमका नेलपॉलिशचा. वर्गात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, कुठला रंग लावलात?" मी हात खिशात घातले. का घातले, मलाच कळलं नाही.

कापडाच्या आत, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी तुळई जाते. सगळा पंख तिच्यावर तोललेला. मालक तिला कणा म्हणत. त्यात एकही खिळा नाही, स्क्रू नाही. सगळं गोंदाने जोडलेलं. मला कणा दाखवताना ते म्हणाले होते, "ह्याला मी नखसुद्धा लावून बघत नाही. लाकडाला एकदा चीर गेली की ती वाढायला वाट बघत बसते." मी होय म्हटलं होतं.

आता दसरा. मालकांच्या निवृत्तीनंतर सातव्या वर्षी, म्हणजे माझ्या तिसऱ्या वर्षी, विमानाला दोन्ही पंख लागले. पहिल्यांदाच ते शेडमध्ये पूर्ण उभं राहिलं, नाक दाराकडे करून. घाईचं कारण असं की मालकांकडे वैमानिकाचा परवाना होता, नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी शिकून काढलेला. पण त्याला दर वर्षी डॉक्टरचा दाखला लागतो. मुंबईच्या डॉक्टरांनी त्या वर्षी कान आणि रक्तदाब बघून सांगितलं, "एकतीस डिसेंबरपर्यंतचा देतो. पुढच्या वर्षी येऊ नका." म्हणजे त्या डिसेंबरच्या आत मालक स्वतः उडाले तर उडाले. नंतर ते विमान दुसऱ्या कुणालातरी उडवायला द्यायचं आणि आपण खाली उभं राहून बघायचं. बघणारा होणं म्हणजे काय, हे त्यांच्या हिशेबात किती वाईट होतं ते वर आलंच आहे.

दसऱ्याच्या सकाळी मालकांनी सगळी हत्यारं पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं आणि ते देवळात गेले. मी शेडमध्ये डोकावलो. गावातल्या रिक्षासुद्धा त्या दिवशी झेंडूने मढलेल्या होत्या आणि सात वर्षांचं हे विमान मात्र उघडं. मला ते बघवेना. मी तोरण आणलं. एक टोक प्रोपेलरला बांधलं. दुसरं टोक पंखाला बांधावं म्हटलं तर बांधायला काही नाही. मग भिंतीत खुंटी मारताना जसं ठोकून लाकूड शोधतात, तसं पंखाच्या खालून बोटाने ठकठक करत गेलो. सगळीकडे कापडाचा ढब आवाज. एका जागी मात्र छान टणक लागलं. ही जागा भक्कम, असं मी मनाशी म्हटलं.

खिळा पेटीचा होता, दीड इंची. हातोडी पाटावर होती, पण पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. मी धर्म पाळला. पूजेचा नारळ उचलला आणि त्याने खिळा ठोकला. डोक्यावर हात करून, खालून वर. चौथ्या ठोक्याला खिळा घट्ट बसला आणि नारळ फुटून त्याचं पाणी माझ्या तोंडावर आलं. नारळही फुटला, म्हणजे सगळं यथासांग झालं, असं मला वाटल्याचं आठवतं.

मग मी दोन पावलं मागे सरून तोरण बघितलं, आणि 'नखसुद्धा लावून बघत नाही' हे वाक्य मला ऐकू आलं.

स्टुलावर चढून खिळा मी दातांनी काढला. भोकात मेणबत्तीचं मेण भरलं, वर ब्रशाने रोगणाचा ठिपका दिला. टिकलीएवढा. तोरण शेडच्या दाराला लावलं. मालक आले, तोरण बघून म्हणाले, "शाब्बास मास्तर, चांगली जागा बघितलीत."

पुढचे पाच आठवडे मी जेवत होतो असं काकू म्हणतात. मला आठवत नाही. सांगावं, तर कणा उघडायचा, दुरुस्त करायचा, मुंबईच्या सरकारी विमान-तपासनिसांची तारीख पुढे ढकलायची, डिसेंबर हातचा जायचा. न सांगावं, तर माणूस वर गेल्यावर काय होईल? रोज सकाळी मी ठरवायचो की आज सांगायचं. रोज संध्याकाळी मालक ओट्यावर खुर्ची टाकून उड्डाणाचा सराव करायचे. गुडघ्यांमध्ये झाडू, तोच दांडा. पायाखाली दोन विटा, तेच पेडल. डोळे मिटून वळायचे, चढायचे, उतरायचे. एवढा आनंदात असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तो झाडू बघितला की माझं ठरलेलं विरघळायचं.

मुंबईहून तपासनीस आले. दिवसभर त्यांनी विमानाचा कोपरा न् कोपरा बघितला. पंखाखालून हात फिरवताना त्यांचं बोट नेमकं माझ्या टिकलीवर थांबलं.

"हे काय हो? रोगणावर डास बसला होता का?"

"रत्नागिरीत डास ऐकतात का कुणाचं," मालक म्हणाले. दोघंही हसले. मीही हसलो. माझ्या हसण्याचा आवाज मला शेजारच्या बागेतून आल्यासारखा वाटला.

तपासनिसांनी कागदावर सही केली. "सुरेख काम. फक्त वजनाच्या नोंदीत डावा पंख उजव्यापेक्षा जड का?"

मालकांचा चेहरा उतरला. हे त्यांचं जुनं दुखणं होतं. दोन्ही पंख त्यांनी सारख्याच लाकडाचे, सारख्याच कापडाचे केले होते, पण डावा आधी शंभर ग्रॅमने, मग दोनशेने, आता तीनशे दहा ग्रॅमने जास्त भरत होता. त्यांनी तराजूला दोष दिला, दमट हवेला दिला, एकदा काकूंना दिला आणि दोनदा मला. शेवटी तेवढ्याच वजनाचं शिसं उजवीकडे बसवून गप्प राहिले होते.

चार दिवसांनी उड्डाण ठरलं. त्या संध्याकाळी मी ओट्यावर गेलो. मालक खुर्चीत होते, झाडू डावीकडे झुकलेला.

"मालक, मला एक सांगायचंय."

"थांबा मास्तर. वळतोय."

मी थांबलो. ते वळले, खाली आले, दोन्ही विटा दाबल्या. डोळे उघडले. "हं. उतरलो. बोला."

"मी दसऱ्याला विमानाला खिळा ठोकला."

"कुठे?"

"पंखाला."

"कापडाला?"

"नाही. आत टणक लागलं तिथे."

मालकांनी झाडू हळूच, आवाज न करता, खाली ठेवला. "किती लांबीचा?"

"दीड इंची. पेटीचा."

"कशाने ठोकलात?"

"नारळाने."

हे मात्र त्यांना पचायला वेळ लागला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग काकूंकडे. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या, त्यांनीही हात थांबवला. "नारळाने," मालक पुन्हा म्हणाले, स्वतःशीच. मग उठले. "कुठला पंख?"

"डावा."

शेडमध्ये संध्याकाळचं ऊन आडवं येत होतं. मालकांनी पातं घेतलं आणि डाव्या पंखाचं खालचं कापड एका रेषेत टराटरा कापत नेलं. तीन आठवड्यांचं काम होतं ते. कणा उघडा पडला. त्यांनी बोट फिरवलं, चष्मा लावला, आरसा धरला. भोक नाही. पुढे कापलं. भोक नाही. टोकापर्यंत आले आणि थांबले.

टोकाशी, आतल्या कोपऱ्यात, कुंभारीण माशीने मातीची घरं बांधली होती. एकाला लागून एक, अकरा घरं. पंख आढ्याला टांगलेले असताना ती आत-बाहेर करत असणार.

मालकांनी सगळी माती खरवडून तराजूत टाकली. काटा स्थिर झाला. "तीनशे दहा!" ते ओरडले. "मास्तर, तीनशे दहा! बरोब्बर!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून हलवले. मला वाटलं, खिळ्याचं सगळं विसरले. मीही विसरलो असतो.

मग त्यांचे हात माझ्या खांद्यांवर तसेच थांबले. "पण खिळा कुठाय?"

"डावीकडेच ठोकला, शप्पथ."

"ठोकताना तुम्ही कुठे होतात?"

"प्रोपेलरपाशी."

"तोंड कुठे?"

"विमानाकडे."

 दारातून काकूंचा आवाज आला. "मास्तर, विहिरीकडचा की फणसाकडचा?"

"फणसाकडचा."

"कापलंनीत तो विहिरीकडचा," काकू म्हणाल्या, आणि तांदूळ घेऊन आत गेल्या.

 मालक दुसऱ्या पंखाखाली गेले. टिकली शोधली. कापड कापलं. तिथे होतं ते. माझ्या मेणाने भरलेलं बारीक भोक, आणि भोकातून दोन्ही बाजूंना लाकडाच्या रेषेतून गेलेली केसासारखी चीर. बोटभर लांब. मालकांनी माझं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं.

"वर गेल्यावर हवा पंखाला वर उचलते. तेव्हा कण्याची खालची बाजू ताणली जाते. सगळ्यात जास्त कुठे, माहिताय?"

मी मान हलवली. माहीत आहे की नाही, कुठल्या अर्थाने हलवली ते आजही सांगता येणार नाही.

"इथे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मुंबईला फोन करून तपासनिसांना सांगितलं की तो डास नव्हता, आमचे मास्तर होते. सही रद्द झाली. तपासनिसांनी सांगितलं की दुरुस्ती करा, मी पुन्हा येईन, पण तारीख तुमच्या नशिबाची.

एकतीस डिसेंबरला साडेचार आठवडे होते. मालकांनी खराब झालेला तुकडा कापून काढला आणि नवीन लाकूड तिरकस सांध्याने बसवलं. सांधा एवढा लांबट की माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत. पण समुद्राच्या हवेत गोंद वाळेना. नख लावलं की मऊ. तीन दिवस ते सांध्याशेजारी स्टुलावर बसून होते. चौथ्या दिवशी काकू पेंढ्याचा भारा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आंबा पिकतो, तर हे नाही पिकणार?" आम्ही कण्याला पेंढ्यात घातलं, दोन बाजूंनी दिवे लावले, वर गोणपाटं. आठवड्याने उघडलं तर गोंद दगडासारखा. मालकांनी वास घेतला आणि म्हणाले, "हापूस."

मग दोन्ही पंखांवर नवीन कापड. इस्त्री मी केली. शाळा सुटली की तिथे. त्याआधी मालकांनी माझ्या दोन्ही मनगटांवर खडूने खूण केली, एकावर 'वि', एकावर 'फ'. म्हणाले, "डावं-उजवं सोडा. विहीर आणि फणस." मी विचारलं, "पण मी वळलो की?" ते खडू खिशात टाकून निघून गेले.

ते विमान पुढे फार उडालं नाही. मालकांना पुढच्या वर्षीचा दाखला मिळाला नाही, दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी दिलं नाही. मी रत्नागिरी सोडली तेव्हा पंख आढ्याला होते आणि खाली आंबे. पण एकतीस डिसेंबर सांगायचा राहिलाय.

गावाबाहेर कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, धावपट्टी आहे, साधारण पूर्व-पश्चिम. पहाटेच्या उजेडात आम्ही विमान टेम्पोत घालून नेलं, पंख लावले. तपासनीस सकाळी पोचणार होते. मालकांनी मला जबाबदारी दिली. आयुष्यात इतक्या चुका करूनही मला जबाबदारी देणारा तो एकच माणूस. काकूंच्या जुन्या लुगड्याचं लाल फडकं माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "बरोब्बर मध्यावर उभं राहायचं, माझ्या डाव्या हाताला. मला नीट दिसलं पाहिजे. फडक्यापर्यंत चाकं सुटली नाहीत तर मी थांबणार. माझा नियम आहे. मग आज नाही, आणि आज नाही म्हणजे कधीच नाही. काय समजलात?"

"समजलं," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं.

आणि खरंच समजलं होतं. विमान वाऱ्यावर तोंड करून सुटतं. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई वारा म्हणतात. हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत असे. म्हणजे मालक पूर्वेला तोंड करून येणार. पूर्वेला तोंड केल्यावर डावा हात उत्तरेला. मी उत्तरेच्या कडेला जाऊन उभा राहिलो. मनात तीनदा पडताळलं. बसणाऱ्याचं डावं. उत्तर. मला स्वतःचा अभिमान वाटला.

तपासनिसांची गाडी वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. सांधा बघण्यात, कागद करण्यात आणखी तासभर. मी उत्तरेला उन्हात उभाच. घाम आला होता, मग हळूहळू तोंडाला छान गार वारा लागायला लागला, खारट. मला बरं वाटलं. त्यापलीकडे मी काही विचार केला नाही. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून येतो, त्याला खारे वारे म्हणतात. पुढच्याच पानावर आहे.

इंजिन सुरू झालं. मालक विमान घेऊन हळूहळू चालवत माझ्यासमोरून पूर्वेच्या टोकाला गेले. मला वाटलं, पट्टी तपासतायत. टोकाला जाऊन ते वळले. आता त्यांचं तोंड समुद्राकडे. इंजिनचा आवाज चढला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पश्चिमेला तोंड! म्हणजे डावा हात दक्षिणेला! मी चुकीच्या बाजूला आहे!

जागेवर उभा राहिलो असतो तर फडकं त्यांना उजवीकडून दिसलं असतं आणि काही बिघडलं नसतं, हे मला त्यानंतर अनेक जणांनी समजावून सांगितलं आहे. पण नियम म्हणजे नियम. मी फडकं वर धरून धावपट्टी आडवी ओलांडायला धावलो. बरोब्बर मध्यावर माझी एक चप्पल निघाली. मी चपलेसाठी वळलो.

वळलो तेव्हा विमान समोरून येत होतं. चाकं जमिनीवरच होती. मला मालकांचा चेहरा दिसला, चष्म्यातले डोळे दिसले, उघडलेलं तोंड दिसलं. मग मी पालथा पडलो. डोक्यावरून आवाज गेला, वारा गेला, लाल फडकं हातातून गेलं. तोंड वर केलं तेव्हा विमान हवेत होतं.

ते सड्याच्या कडेवरून समुद्रावर गेलं. अगदी लहान झालं. मग वळलं, आमराईवरून गेलं असणार, कारण बराच वेळ तिकडेच गिरट्या घालत होतं. तपासनीस घड्याळ बघत होते. काकू डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मी मध्येच बसून होतो. कुणीतरी मला ओढून कडेला नेलं.

ते उतरलं. दोनदा उसळलं आणि थांबलं. मालक खाली उतरले. आधी उजव्या पंखाखाली गेले आणि सांध्याच्या जागी तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे आले. त्यांचे डोळे ओले होते आणि कानशिलं लाल.

"फडक्यापाशी आलो तेव्हा चाकं सुटली नव्हती," ते म्हणाले. "माझा नियम. हात इंजिन कमी करायला गेला होता. तेवढ्यात तुम्ही मध्ये. थांबायला गेलो असतो तर तुमच्यावर येऊन थांबलो असतो. म्हणून ओढला दांडा. आणि सुटलं हो. सुटलं!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मास्तर, तुमचे पाय धरायचे की तुम्हाला इथेच पुरायचं, मला कळत नाहीये."

"मलाही," मी म्हटलं.

काकू माझी चप्पल दोन बोटांत धरून आल्या. ती माझ्यासमोर ठेवली. डाव्या पायाची होती, मी उजवा पाय घालायला लागलो. काकूंनी ते नीट बघून घेतलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमच्या शाळेतली पोरं संध्याकाळी घरी पोचतात तरी कशी?"